‘कॅरी’ला मराठीत काय म्हणतात?

आम्ही राहतो त्या गावाचं नाव कॅरी. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, राजधानी रॅलेच्या शेजारी. नावाचा ओझ्याशी काही संबंध नाही. सॅम्युएल फेंटन कॅरी या ओहायोच्या दारूबंदीवाल्या पुढाऱ्यावरून ते पडलं. पण गेल्या उन्हाळ्यात आई आली आणि दोन्हींची गाठ पडली. शेजारच्या सत्तरी ओलांडलेल्या बाई, जन्मभर इथल्याच, आईला प्रेमाने म्हणाल्या, "आय विल कॅरी यू टू द टेंपल ऑन संडे." आईने हसून मान डोलावली आणि मला हळूच विचारलं, "अरे, यांचेच गुडघे दुखतात, मला कुठे उचलून नेतायत?"

अमेरिकेच्या दक्षिणेत जुन्या पिढीच्या तोंडी ‘कॅरी’ म्हणजे गाडीतून सोडणं. गंमत म्हणजे, बाईंचा अर्थच मुळाशी जास्त जवळचा आहे. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे चाकाची गाडी. तिच्यावरून फ्रेंचमार्गे ‘कॅरी’ इंग्रजीत आला. ‘कार’ आणि ‘कार्गो’ही त्याच घराण्यातले. म्हणजे ‘कॅरी’ आधी गाडीने व्हायचं, हातांनी नंतर.

समानार्थी शब्दांच्या कोशात ‘कॅरी’च्या पुढे लग, हॉल, टोट, श्लेप असे शब्द एका रांगेत उभे असतात. पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. ‘लग’मध्ये घाम आहे, जड वस्तू कशीबशी ओढत नेणं आहे. ‘लगेज’ त्याचंच पोर. चकल्या, मसाले आणि पुस्तकांनी ठासून भरलेल्या दोन बॅगा विमानतळावर ओढलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. ‘हॉल’ म्हटलं की ट्रक किंवा निदान दोर डोळ्यांसमोर येतो. ‘टोट’ सतराव्या शतकापासून इथल्या दक्षिणेत नोंदलेला आहे. तो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या भाषेतून आला असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. आणि ‘श्लेप’ तर सरळ यिडिशमधला. 1880 ते 1924 या काळात पूर्व युरोपातून लाखो ज्यू अमेरिकेत आले, त्यांनी तो आणला. ऑफिसमधला न्यूयॉर्ककर सहकारी म्हणतो, "मी तिथवर श्लेप करत गेलो." त्यात अंतर आहे, ओझं आहे, आणि ‘कशाला ही कटकट’ हा सूरही आहे.

पिशव्यांचंही तसंच. वाण्याच्या दुकानातली पिशवी कुठे ‘बॅग’, कुठे ‘सॅक’, आणि आमच्या पश्चिमेला ॲपलेशियन डोंगरांत जुन्या लोकांकडे ‘पोक’. डुक्कर न बघता पोत्यासकट विकत घेऊ नये, या अर्थाच्या इंग्रजी म्हणीत तो ‘पोक’ अजून टिकून आहे. आपण त्याला ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ म्हणतो. ‘हॅवरसॅक’ ही मुळात घोड्याच्या ओटची पिशवी, ‘डफल’ बेल्जियममधल्या डफल गावच्या जाड कापडाची. ‘बजेट’ म्हणजे फ्रेंचमधली चामड्याची छोटी थैली. आपल्या ‘दप्तरा’चीही गोष्ट जवळपास तशीच आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचं मूळ ग्रीकमधल्या ‘कातडं’ या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणून पेशवे दप्तरात कागद असतात आणि पोरांच्या दप्तरात डबा!

पिशवीवरून माणूसही जोखला जातो. अमेरिकेचं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं. त्यानंतर उत्तरेतून जे लोक दक्षिणेत आले, त्यांना इथले लोक तुच्छतेने ‘कार्पेटबॅगर’ म्हणू लागले: गालिच्याच्या कापडाची एक बॅग घेऊन आलेले संधिसाधू. तो जुना डंख आता विनोदापुरता उरलाय. कॅरी गावाच्या इंग्रजी नावातल्या चार अक्षरांचा इथे चेष्टेने विस्तार करतात, ‘कंटेनमेंट एरिया फॉर रिलोकेटेड यँकीज’, म्हणजे बाहेरून आलेल्या यँकींना आवरून ठेवायची जागा. व्हिसावर आलेल्या आमच्यासारख्यांची तर विंचवासारखी पाठीवरच बिऱ्हाडं. आम्हीही हसतो.

पण ये-जा एकाच दिशेने होत नाही. इंग्रजीत तागाच्या पोत्याला ‘गनी बॅग’ म्हणतात. ती ‘गनी’ म्हणजे आपली गोणी! संस्कृतात गोणी, मराठी-हिंदीत गोणी-गोन, आणि व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर ती इंग्रजीत गेली. ज्यू माणसांनी आपला शब्द स्वतःच्या बिऱ्हाडाबरोबर नेला, आपला मालाबरोबर गेला. दोन्हीकडे शब्द टिकला, कारण वस्तू किंवा काम रोजच्या वापरात होतं.

इथेच मला काळजी वाटते. आपल्याकडे या बाबतीत शब्दांची काय श्रीमंती! बाजाराची पिशवी, भिक्षेची झोळी, औषधांचा आजीबाईचा बटवा, पानसुपारीची चंची, खांद्यावर पुढे-मागे लोंबणारी पडशी, कपड्यांचं बोचकं, गाठ मारलेलं गाठोडं, अंथरुणाची वळकटी, कार्यकर्त्याची शबनम. आणि नेण्याच्या तऱ्हा? कळसा काखेत, पाटी डोक्यावर, कावड खांद्यावर, पोतं पाठीवर. अंगाचा कुठला भाग भार घेतो, ते आपण आधी सांगतो. म्हणून ‘कॅरी’ला एक मराठी शब्द शोधायला गेलं की सापडत नाही. मराठी आधी विचारते, ‘काय आणि कुठे?’

आमच्या घरांत मात्र या सगळ्याची जागा एकाच क्रियापदाने घेतलीय: ‘कॅरी कर’. दप्तर कॅरी कर, पिशवी कॅरी कर, बाळाला कॅरी कर. व्याकरण मराठी, ओझं उचलणारा शब्द इंग्रजी. चंची आणि वळकटी गेल्या, त्याला इलाज नाही. त्या वस्तूच गेल्या. पण मूल उचलणं तर थांबलेलं नाही. ते कडेवर असतं, खांद्यावर असतं, पाठुंगळी असतं; या तिन्हींत त्याला जग वेगवेगळं दिसतं. ‘कॅरी’त तो फरक पुसला जातो.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला बेरजेचं सर्किट शिकवताना एका घरातून पुढच्या घरात जाणाऱ्या बिटला ‘कॅरी’ म्हणत. आम्ही मुलं एकमेकांना समजावताना ‘हातचा’ म्हणायचो. इंग्रजी तो एक पुढे वाहून नेते, मराठी तो हातात जपून ठेवते. योग्य घरात मिळवायला विसरलं तर गणित चुकतं. परदेशातल्या घरात भाषेचंही तसंच आहे. रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी होते, पण अंगाला चिकटलेले शब्द घरीच, ते काम करताना द्यावे लागतात. त्याला वेगळा वेळही लागत नाही. पुढच्या वेळी तुमचं पिल्लू दोन्ही हात वर करून ‘कॅरी मी’ म्हणालं, की उचलण्याआधी एवढंच विचारा: "कडेवर की पाठुंगळी?"