एका विशेषणाची कुळकथा

इंग्रजी भाषेंत ‘टॉड्री’ म्हणून एक विशेषण आहे. दिसावयास झगझगीत पण मोलानें हलकें, असें जें कांहीं असेल त्यास तें लावितात. जत्रेंतील बेगडी दागिने डोळ्यांपुढें आणावे म्हणजे अर्थ ध्यानांत येतो. अशा हिणकस शब्दाच्या मुळाशीं एका साध्वीचें नांव आहे, हें प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस खरें वाटेना.

इंग्लंडांतील ईस्ट अँग्लिया प्रांताच्या ॲना राजाची (होय, ॲना हा पुरुषच!) एथेलथ्रिथ ही कन्या. तिनें राणीपद सोडून संन्यासव्रत घेतलें व सन ६७३ मध्यें ईली येथें मठ स्थापिला. सन ६७९ मध्यें ती वारली. बीड नामक इतिहासकारानें सन ७३१ मध्यें पुऱ्या केलेल्या आपल्या ग्रंथांत तिच्या अखेरच्या दुखण्याची हकीकत दिली आहे. गळ्यास मोठी गांठ आली असतां ती म्हणे कीं, तरुणपणीं ह्याच गळ्यांत आपण व्यर्थ कंठे मिरविले, त्याचें हें प्रायश्चित्त होय. आणि तें ती आनंदानें सोशी.

पुढें लोकांच्या तोंडीं तिच्या नांवाचें ‘ऑड्री’ झालें. तिच्या सणास ईली येथें जत्रा भरे. तेथील गळ्यांत बांधावयाच्या रेशमी फितीस ‘सेंट ऑड्रीज लेस’ म्हणत. त्या काळीं ‘लेस’ म्हणजे जाळीची किनार नव्हे, तर दोरी किंवा फीत. भरभर बोलतांना ‘सेंट’ मधील ‘ट’ पुढल्या शब्दास चिकटला व ‘टॉड्री लेस’ झाली. आपल्या ‘नारिंगा’चें नेमकें उलट झालें: पश्चिमेकडे जातां जातां इटालियन व फ्रेंच मुखांत त्याचा आरंभींचा ‘न’ गळाला, आणि इंग्रजांच्या हातीं ‘ऑरेंज’ आलें.

शेक्सपिअरच्या ‘विंटर्स टेल’ नाटकांतील मॉप्सा ही खेडवळ मुलगी कबूल केलेली टॉड्री लेस प्रियकरापाशीं मागते. तेव्हां ती वस्तु आवडीची होती. पण जत्रेंतला माल भडक व स्वस्त होत गेला, आणि सतराव्या शतकांत ‘लेस’ गळून निंदावाचक विशेषण तेवढें उरलें.

जिला कंठ्यांचा पश्चात्ताप झाला, तिच्याच नांवानें कंठभूषणें विकावीं, आणि त्यांचा हलकेपणा तिच्या माथीं बसावा! ह्यांत दोष द्यावा कोणास? इंग्रज आईबाप मात्र अद्यापि आपल्या मुलींचें नांव हौसेनें ‘ऑड्री’ ठेवितात.