अकरा महिने संपताना

पुण्यात संध्याकाळी सातनंतर धायरी फाट्यावरून डीएसके विश्वच्या बाजूला निघालं, की पाठीवर सॅक अडकवलेली मुलं दुचाकी लावून सोसायट्यांचे जिने चढताना दिसतात. सगळीच पार्सलवाली नसतात. काहींच्या सॅकमध्ये लॅपटॉप, वेब कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र असतं. हे भाडेकरार करून देणारे एजंट. घरमालक आणि भाडेकरू दोघेही घरी सापडतात ती हीच वेळ.

काम बघायला सोपं वाटतं. आधार क्रमांक, पॅन, घराचं क्षेत्रफळ, भाडं, डिपॉझिट हे सगळं नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर भरायचं. मग फोटो, मग अंगठा. अडतं ते बहुतेक वेळा अंगठ्यावरच. घर साठी-सत्तरीतल्या काकूंच्या नावावर असतं आणि आयुष्यभर भांडी-धुणी करून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. यंत्रावर लाल दिवा लागतो. एजंट रुमाल पुढे करतो, "काकू, जरा दाबून धरा," म्हणतो, मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताचं बोट. समोर बसलेल्या भाडेकरू जोडप्याचाही श्वास अडकलेला असतो, कारण ठसा जुळलाच नाही तर दोन्ही बाजूंना रजा टाकून दुय्यम निबंधक कार्यालय गाठायचं. एखादं बोट जुळलं, की खोलीतला ताण सैल होतो.

'जुनाच करार पुढे वाढवून द्या,' असं एजंटला जवळपास प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. तसं होत नाही. मुदत संपली की करार संपला. भाडं तेच, माणसं तीच असली तरी दस्त नवा, मुद्रांक शुल्क नवं, नोंदणीही नवी.

हे करार अकराच महिन्यांचे का असतात, याचं उत्तर जुनं आहे. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं होतं, म्हणून एक महिना कमी. त्यात मालकांच्या मनात 1973 ची धास्ती बसली. त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला लायसन्सवर, म्हणजे मालकाच्या नुसत्या परवानगीवर, राहत असलेल्यांना मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरूचं संरक्षण मिळालं आणि अनेकांना आपली जागा परत मिळेना. पण आजचा कायदा वेगळा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार कितीही छोट्या मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. उलट, नोंदवलेल्या कराराची मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर कलम 24 खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोवरचं भाडं दुपटीने मागता येतं. म्हणजे मालकाला ज्याची भीती वाटते, त्यावरचा इलाज नोंदणीतच आहे. मुदत आखूड ठेवून काही साधत नाही.

पैशांचा हिशेब पाहिला तर हे आणखी पटतं. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दरसाल दहा टक्के गृहीत व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का लागतं. भाडं 15,000 आणि डिपॉझिट 50,000 धरलं, तर अकरा महिन्यांचं शुल्क सव्वाचारशेच्या आसपास येतं. त्यावर महापालिका हद्दीतली नोंदणी फी 1,000 रुपये. ग्रामीण भागात हीच 500 असते. ऑक्टोबर 2017 मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या अकरा गावांत धायरी होती, म्हणून इथे हजारच. असे तीन करार केले तर सरकारी खर्च चार हजार दोनशेच्या पुढे जातो. तेच 33 महिन्यांचा एकच करार केला, तर शुल्क पावणेतेराशेच्या आत आणि नोंदणी फी एकदाच. दोन हजार वाचतात, एजंटच्या खेपा वाचतात, काकूंच्या बोटांचीही सुटका होते. दरवर्षीची भाडेवाढ आणि घर सोडण्याची महिन्याची नोटीस त्याच करारात लिहिता येते. कायदा साठ महिन्यांपर्यंत मुभा देतो.

मालकांनी अकराचा हट्ट सोडावा याचं आणखी एक कारण आहे. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचा पत्त्याचा पुरावा म्हणजे हाच कागद. शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर मुलाचा अर्ज करायचा, तर भाडेकरूला नोंदणीकृत करार दाखवावा लागतो. नेमक्या त्या दिवसांत मुदत संपलेली असली आणि मालक 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत राहिला, तर पोराची शाळा अडते.

अंगठे झाले की एजंट दस्त दाखल करतो. दुय्यम निबंधकांनी तपासून मंजुरी दिली की डिजिटल सहीची प्रत आणि इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा गोषवारा, मोबाईलवर येतात. त्यांची एक प्रत सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाते आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे भरली जाते. तोवर एजंट पुढच्या इमारतीत पोचून लॅपटॉपसाठी प्लगपॉइंट शोधत असतो.