आभाळातली ऊ

आंरी मिन्ये हा फ्रान्समधला रेडिओ इंजिनिअर. विमानाचं वेड त्याला लहानपणापासून होतं, पण विमान चालवणं काही जमेना. हातातल्या दांडीने पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या पट्ट्या हलवायच्या, त्याच वेळी पायांनी सुकाणू वळवायचं, आणि या सगळ्याचा मेळ बसला नाही तर विमान आडवंतिडवं घसरणार. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण अशा माणसाला हसून म्हणतो. मिन्येने मात्र अंगणच सरळ करायला घेतलं.

1933 च्या सप्टेंबरात त्याचं ‘एचएम 14’ उडालं. लाकूड, कापड आणि मोटारसायकलच्या ताकदीचं इंजिन एवढाच त्याचा संसार. पायात काहीच नाही, सगळं काम एका दांडीचं. ती डावी-उजवीकडे नेली की सुकाणू हलायचं. मागे-पुढे केली की पुढचा अख्खा पंखच बिजागरीवर तिरका व्हायचा. दुसरा पंख त्याच्या लगेच मागे, थोडा खाली, पक्का बसवलेला. या विमानाला त्याने नाव दिलं ‘पू द्यू सिएल’, म्हणजे आभाळातली ऊ. इंग्रजांना ऊ रुचली नसावी, त्यांनी तिची उडती पिसू केली.

पुढच्याच वर्षी त्याने नकाशांसह पुस्तक काढलं. ज्याला खोकं ठोकता येतं त्याला हे विमान बांधता येईल, असा त्याचा सूर होता. त्या काळात स्वतःचं विमान ही श्रीमंतांची चैन; इथे तर शाळामास्तर आणि गॅरेजवाले अंगणात पंख बांधू लागले. 1935 च्या ऑगस्टमध्ये मिन्ये स्वतः या उवेवर बसून इंग्लिश खाडी ओलांडून गेला. ब्रिटनमध्ये मग साथच आली.

आणि मग माणसं मरायला लागली. अपघातांची तऱ्हा जवळपास एकच. विमानाचं नाक खाली जाई, उतार वाढत जाई, आणि ते सरळ जमिनीत. चालवणाऱ्याने नाक वर घ्यायचा प्रयत्न केलाच नसेल, असं कसं म्हणावं? मग दांडी ओढूनही विमान वर का येत नव्हतं?

1936 मध्ये ब्रिटनमधल्या फार्नबरोला आणि फ्रान्समध्ये शाले-मदाँला अख्खी विमानंच वाऱ्याच्या बोगद्यात टांगून तपासली गेली, तेव्हा उलगडा झाला. दांडी मागे ओढली की पुढच्या पंखाची पुढची कड वर आणि मागची कड खाली जाते, आणि खाली जाताना ती मागच्या पंखाच्या तोंडाजवळ येते. दोन पंखांमधली फट अरुंद होते, तिच्यातून हवा जोराने मागच्या पंखावरून वाहते आणि मागच्या पंखाची उचल वाढते. शेपटाकडची बाजू वर गेली की नाक आणखी खाली. म्हणजे घाबरलेला माणूस जितकी जोरात दांडी ओढणार, तितका तो खोल जाणार. ठरावीक कोनापुढे सूर गेला आणि वजनाचा मध्य थोडा मागे असला, तर सुटकाच नाही. जीव वाचवण्याची साहजिक हालचालच जीव घेणारी ठरावी, अशी क्रूर चूक विमानांच्या इतिहासात फारशी सापडणार नाही.

मिन्ये लबाड नव्हता. त्याचं स्वतःचं विमान नीट उडत होतं. पण त्याच्या नकाशावर दुसऱ्या कोणी फोर्ड मोटारीच्या इंजिनावरून केलेलं इंजिन चढवलं, तिसऱ्याने मोटारसायकलचं, आणि दर वेळी वजनाचा मध्य थोडाफार सरकला. नकाशा शेकडो हातांत पोचला, मोजमाप मात्र एकाच माणसाकडे राहिलं. माझ्या मते घरी विमान बांधणाऱ्यांच्या पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. मिन्येने नंतर पंखांची मांडणी सुधारली आणि आयुष्यभर विमानं काढत राहिला. त्याच्या वंशातली विमानं फ्रान्समध्ये आजही उडतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे वेड अमेरिकेत रुजलं. 1953 मध्ये विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबरेझनी यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली. दोन वर्षांनी ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकात त्यांची लेखमाला आली: इंजिनासकट 800 डॉलरच्या आत विमान कसं बांधावं. अमेरिकेचा नियम साधा आहे. अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा मौजेखातर केलेलं असलं पाहिजे. मग सरकारी तपासनीस पाहणी करतो, आणि विमानावर ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द ठळकपणे लिहावा लागतो. बांधणाऱ्याला स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा परवाना मिळू शकतो. तेच विमान त्याने विकलं तर हा हक्क विकत घेणाऱ्याकडे जात नाही, कारण पत्रे जोडणारा प्रत्येक रिव्हेट कुठे आणि कसा बसला हे बांधणाऱ्यालाच माहीत.

रिव्हेटचं काम एकट्याचं नव्हेच म्हणा. एकाने बाहेरून ठोकणीयंत्र धरायचं, दुसऱ्याने आत हात घालून मागे पोलादी ठोकळा दाबायचा. बऱ्याच घरांत हा दुसरा हात बायकोचा किंवा नवऱ्याचा असतो, आणि संसाराची खरी परीक्षा तिथेच होते असं म्हणायला हरकत नाही. पंखाचं पत्र्याचं कवच कायमचं बंद करण्याआधी संघटनेतला एखादा जुनाजाणता बांधणारा येऊन आत डोकावून जातो. त्याला पैसे मिळत नाहीत.

असे डोळे काय करू शकतात, हे 2023 मध्ये दिसलं. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या ओरेगॉनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचे सुटे संच आणून लोकांनी आजवर 11,000 हून जास्त विमानं उडवली आहेत. कंपनीने काही पत्र्यांना भोकं लेझरने पाडून घेतली होती. रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून भोकाभोवतीचा पत्रा साच्यात दाबून खोलगट करतात. तसं करताना या भोकांच्या कडेला बारीक चिरा पडतात, हे गॅरेजांमधल्या गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं. लेझरचं वर्तुळ जिथे सुरू होऊन मिटतं तिथे सूक्ष्म खाच राहते आणि ताण नेमका तिथेच गोळा होतो. कापड दुकानदार कात्रीने बोटभर चीर देऊन उरलेलं कापड हाताने टर्रकन फाडतो, त्यातलंच हे शास्त्र. चर्चा झाली, चाचण्या झाल्या, पुष्कळसे भाग वापरण्याजोगे ठरले. तरी बदलून देण्याचा भार मोठा होता. इतर अडचणींची भर पडून त्या डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरी कायद्याचं संरक्षण मागितलं आणि पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली. उवेच्या वेळी दोष माणसं मेल्यावर बोगद्यात सापडला होता. इथे तो गॅरेजमध्ये, भिंगाखाली सापडला.

विमान बांधून झालं की आधी त्याला काट्यावर चढवतात. तिन्ही चाकांखाली एकेक काटा, प्रत्येक वजनाला अंतराने गुणायचं, बेरीज करायची, एकूण वजनाने भागायचं. शाळकरी गणित, पण मिन्येच्या चाहत्यांना ज्याने मारलं तो वजनाचा मध्य याच्यातून निघतो. पुढे साधारण 25 ते 40 तास ठरवून दिलेल्या भागात चाचणी उड्डाणं करायची, हौसेखातर कोणाला शेजारी बसवायचं नाही, आणि वेग किती कमी झाला की पंख उचल सोडतात हे स्वतः मोजून वहीत लिहायचं.

मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ओशकोश. संघटनेचा हा मेळा 1970 पासून या गावी भरतो आणि त्यासाठी 10,000 च्या आसपास विमानं त्या परिसरात उतरतात. रिपन गावापासून फिस्कपर्यंत रेल्वेचे रूळ धरून, 1800 फुटांवर, 90 नॉट म्हणजे ताशी सुमारे 167 किलोमीटर वेगाने, एकामागे एक यायचं. फिस्कला जमिनीवरून दुर्बिणीने बघणारे कंट्रोलर विमानाचा रंग आणि जात ओळखून हुकूम देतात. रेडिओवर उत्तर द्यायचं नाही. ऐकू आलं म्हणून पंख हलवून दाखवायचे. पुढे एकाच धावपट्टीवर रंगीत ठिपके आखलेले असतात: तू हिरव्यावर उतर, तू नारिंगीवर. रात्री पंखाखाली तंबू ठोकायचा. आपल्याकडच्या वारीत पालं पडतात, तसाच काहीसा थाट.

आपल्याकडे हे वेड नाही असं नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला, आणि पुढच्या चाचण्यांसाठी धुळ्याची धावपट्टी गाठावी लागली. जिद्दीत ते ओशकोशच्या कोणाहून कमी नाहीत. पण तिथे ज्या प्रश्नाला शेजारच्या तंबूत उत्तर मिळतं, तो प्रश्न गच्चीवरून कोणाला विचारायचा?

मुलांकडे अमेरिकेला जाणं झालंच, तर वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाजवळ स्मिथसोनियनचं उड्वार-हेझी केंद्र आहे. डिस्कव्हरी यान आणि कॉन्कॉर्ड पाहायला सगळेच जातात. तिथेच सिनसिनाटीला 1935 मध्ये बांधलेली एक ऊ ठेवलेली आहे. तिच्या दोन पंखांमधली फट तेवढी निरखून बघा.