विश्लेषण : ‘मामलेदार’, ‘खिडकी’, ‘विको’... लहान व्यवसायाचे नाव चालते कशामुळे?

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत घरगुती पोळी-भाजी केंद्रे, फराळाचे पदार्थ, मसाले, शिकवण्या आणि पार्लर असे हजारो छोटे व्यवसाय चालतात. त्यातील बहुतेकांचे नाव घरातच, गप्पा मारता मारता ठरते. मात्र धंदा वाढू लागला की तेच नाव दुसऱ्या कुणाचे तरी निघण्याची भीती असते. तसे झाले तर पाटी, पाकिटे, समाजमाध्यमांवरील खाते सारेच बदलावे लागते आणि जमवलेली ओळख पुसली जाते. नाव निवडताना नेमके काय पाहावे?

जुनी नावे लक्षात का राहिली?

ठाण्याची ‘मामलेदार मिसळ’ हे नाव कुणी बसून शोधलेले नाही. मामलेदार कचेरीला लागून उपाहारगृह होते, म्हणून लोकांनीच ती ओळख दिली. आज कचेरीत तहसीलदार बसतात, पण मिसळ मात्र ‘मामलेदार’च राहिली. कल्याणच्या ‘खिडकी वड्या’चेही तसेच. घराच्या खिडकीतून वडे विकले जात, म्हणून हे नाव पडले. ‘मामलेदार’ आणि ‘खिडकी’ या दोन्ही शब्दांचा चवीशी संबंध नाही. ‘चविष्ट मिसळ’ किंवा ‘खमंग वडा’ असे नाव असते तर ते शेकडो पाट्यांमध्ये हरवून गेले असते.

डोंबिवलीत कारखाना असलेल्या ‘विको’ची गोष्ट वेगळी. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये हा उद्योग सुरू केला. ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ या लांबलचक नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून दोन अक्षरी ‘विको’ तयार झाले. त्याला स्वतःचा अर्थ नसल्याने ते दुसऱ्या कुणाच्या नावाशी सहज मिसळत नाही. दंतमंजनासाठी मात्र ‘वज्रदंती’ असा अर्थ सांगणारा शब्द जोडला गेला. हिंदी वा गुजराती ग्राहकालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

कोणती नावे अडचणीची ठरतात?

व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार मालाचा प्रकार, गुणवत्ता किंवा ठिकाण एवढेच सांगणाऱ्या शब्दांची नोंदणी सहसा नाकारली जाते. ‘शुद्ध मसाले’, ‘घरगुती फराळ’, ‘डोंबिवली पोळी-भाजी’ ही नावे ग्राहकाला लगेच कळतात, पण त्यांवर मालकी सांगता येत नाही. दीर्घ वापराने त्या नावाला वेगळी ओळख मिळाल्याचे सिद्ध केले तर अपवाद होऊ शकतो. मात्र नवख्या व्यावसायिकाकडे तसा पुरावा नसतो.

आडनावांचेही तसेच. जोशी, कुलकर्णी, पाटील ही नावे विश्वास देतात, पण त्याच आडनावाचा दुसरा माणूस प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरत असेल, तर कायदा त्याला संरक्षण देतो. म्हणूनच आडनावाला एखादा वेगळा शब्द जोडणे फायद्याचे. प्रसिद्ध नावात एखादे अक्षर बदलून नाव ठेवणे तर सर्वात धोक्याचे. ग्राहकाची फसगत होते असे दिसले, तर न्यायालय वापर थांबवू शकते.

परवाना मिळाला म्हणजे नाव आपले झाले का?

नाही. येथेच बहुतेकांची गल्लत होते. गुमास्ता, ‘उद्यम’, जीएसटी किंवा अन्नसुरक्षा नोंदणी व्यवसायाची असते. त्यातून नावावर हक्क मिळत नाही. त्यासाठी व्यापारचिन्हाची नोंदणी लागते. माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले ३० व्या वर्गात, तर उपाहारगृहे ४३ व्या वर्गात मोडतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९,००० रुपये. अर्ज नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकते. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करता येते.

नोंदणी नसली तरी आधीपासून नाव वापरणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. त्यासाठी जुनी बिले, जाहिराती, पाकिटांचे नमुने तारखेसह जपून ठेवायला हवेत. वर्तुळातील ‘आर’ हे चिन्ह मात्र नोंदणी झाल्यावरच वापरावे, नाहीतर दंड होऊ शकतो.

पाटीबाबत नियम काय?

राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीत मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे इंग्रजी नाव ठेवायचे असेल, तरी ते देवनागरीत कसे दिसते आणि कसे वाचले जाते, हे आधी पाहावे.

उलट अडचण मोबाइलवर येते. ‘ज्ञ’, ‘ळ’, ‘ण’ ही अक्षरे रोमन लिपीत प्रत्येक जण वेगळी लिहितो. फोनवर ऐकलेले नाव ग्राहकाला एका झटक्यात टाइप करता आले नाही, तर तो शोधता शोधता शेजारच्या दुकानात पोहोचतो.

नाव पक्के करण्यापूर्वी काय करावे?

तीन-चार नावे निवडून ती दहा अनोळखी लोकांना फोनवर सांगावीत आणि त्यांना लिहायला लावावीत. दोन दिवसांनी कोणते नाव आठवते, ते विचारावे. ‘आयपी इंडिया’च्या संकेतस्थळावर व्यापारचिन्हांचा शोध विनामूल्य घेता येतो. तेथे सारख्या उच्चाराची नावेही तपासावीत. आज लोणचे विकणारा उद्या पीठ, परवा फराळ विकेल, म्हणून ‘लोणचे’ हा शब्द मूळ नावात अडकवू नये. तो पाकिटावर खाली लिहावा. हे सारे करायला आठवडा पुरतो. पाटी रंगवण्यापूर्वी तेवढा वेळ दिलेला बरा.