देवनागरी दुव्यांचे अधोरेखन : 'जुन्नर' व 'आंबेगाव' या नावांच्या संदर्भात

दुवा ओळखू यावा म्हणून ब्राउझर तो सामान्यतः निळ्या रंगात अधोरेखित दाखवतो. देवनागरीत मात्र उकार व ऋकार अक्षराखाली येतात. पुणे जिल्ह्यातील दोन शेजारच्या तालुक्यांची नावे पाहता हा प्रश्न स्पष्ट होतो. 'आंबेगाव' अधोरेखित केल्यास अबाधित राहते. 'जुन्नर'मधील उकारावरून मात्र रेषा जाते किंवा तेथे ती तुटते.

रेषा काढून टाकणे हा उपाय नव्हे. केवळ रंगावरून दुवा ओळखणे रंगांधळ्या वाचकास कठीण जाते. सीएसएसमधील 'टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट' या गुणधर्माने रेषा उकाराच्या खाली न्यावी. आवश्यक अंतर प्रत्येक फाँटनुसार तपासावे. तसेच पाहिलेल्या, माउस नेलेल्या व कळफलकाने निवडलेल्या दुव्यांची रूपे भिन्न ठेवावीत. असे केल्यास गावाचे नाव शुद्ध वाचले जाते आणि दुवाही लपत नाही.