सिल्व्हर घोस्ट गाडीचे दांते : एका दुर्लक्षित साधनाविषयीं

बखरीचा अस्सलपणा ठरवितांना संशोधक कागद, शाई व मोडीचें वळण पाहतो. केवळ बांधणीवरून निर्णय देत नाहीं. जुन्या मोटारगाडीविषयीं मात्र आपण बहुधा बांधणीवरच थांबतों. पितळी दिवे व गाद्या पाहून समाधान मानतों. परंतु ती गाडी कोणत्या रस्त्यांकरितां घडविली होती, याची खरी साक्ष मागील आंसाच्या पेटींतील दांते देतात. ही साक्ष नष्ट होण्याच्या मार्गावर आहे, म्हणून हें टिपण.

प्रथम तत्त्व सांगतों. श्रीरामपूर भागांत उसानें भरलेली बैलगाडी चढावर अडली, तर पुढें आणखी एक जोडी जुंपतां येते. मोटारीस ती सोय नाहीं. इंजिनाचें बळ ठरलेलें असतें. तेव्हां वेग सोडून ओढ मिळवावी लागते. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकास लहान दंतचक्र व मागील आंसावर मोठें दंतचक्र असतें. कारागीर त्यांस पिनियन व क्राऊन म्हणतात. समजा, पिनियनास १५ व क्राऊनास ४५ दांते आहेत. दांड्याच्या ३ फेऱ्यांस चाकाची १ फेरी होईल. क्राऊन ६० दांत्यांचा केला, तर ४ फेऱ्यांस १ होईल. इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत वेग चतुर्थांशानें घटेल, पण ओढ एकतृतीयांशानें वाढेल. आंसावरील हा बदल सर्व गिअरांस लागू पडतो. गिअरबॉक्समध्यें एक खालचा गिअर वाढविला, तर तो चढापुरता उपयोगी पडतो.

रोल्स-रॉईस कंपनीनें आपली ४०/५० अश्वशक्तीची सहा सिलिंडरांची गाडी १९०६ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत मांडली. पुढें तीच ‘सिल्व्हर घोस्ट’ या नांवानें प्रसिद्ध झाली. आरंभीं तिला चार गिअर असत. त्यांतील तिसरा सरळ जोडाचा व चौथा सपाट रस्त्यावरील वेगाकरितां होता. १९०८ सालीं याच जातीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नांवाची गाडी फ्रँक नॉर्बरी यांनीं हिंदुस्थानांत आणिली व मुंबई-कोल्हापूर चांचणींत उतरविली. ६२० मैलांच्या त्या प्रवासांत सहा घाट ओलांडावे लागले, व गाडी विजयी झाली. पुढें ती ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनीं विकत घेतली. बोरघाट, कात्रज व खंबाटकी यांचे चढ ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस या विजयाची योग्यता निराळी सांगावयास नको.

असें असतां १९०९ सालीं कंपनीनें चार गिअरांचे तीन केले. त्याचा परिणाम १९१२ सालीं ऑस्ट्रियांतील आल्प्स पर्वताच्या शर्यतींत दिसला. जेम्स रॅडली यांची गाडी काट्शबर्गच्या चढावर थबकली. कारण तिचा पहिला गिअर त्या चढाच्या मानानें फार उंच होता. १९१३ च्या शर्यतीकरितां चार गिअरांची पेटी बनविण्यांत आली व त्या गाड्यांनीं अपकीर्ति धुऊन काढली.

महायुद्ध सुरू होतांच १९१४ सालीं याच चाशीवर चिलखत चढविण्यांत आलें. सुमारें चार टनांच्या भारास तोंड देण्यासाठीं कमानी बळकट केल्या व मागें जोडचाकें बसविलीं. हिजाझच्या वाळवंटांतहि या गाड्या वावरल्या. राजेलोकांच्या मिरवणुकींत शोभणारें वाहन युद्धांत टिकलें, याचें श्रेय चाशी, कमानी व गिअर यांच्या जुळणीस आहे. आमच्याच जिल्ह्यांत, अहमदनगर (हल्लीं अहिल्यानगर) येथें १९९४ सालीं स्थापन झालेल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्यें सिल्व्हर घोस्ट जातीची एक चिलखती गाडी ठेविलेली आहे. जिज्ञासूंनीं ती अवश्य पाहावी.

आतां मुख्य मुद्दा. हल्लींच्या गुळगुळीत हमरस्त्यांवर जलद धांवतां यावें, म्हणून जीर्णोद्धाराच्या वेळीं कित्येक गाड्यांचीं मूळ दंतचक्रें काढून निराळ्या प्रमाणाचीं बसवितात. चालविण्याच्या दृष्टीनें तें सोयीचें असेल. परंतु मूळ चक्रें भंगारांत गेलीं, कीं पाठभेदाची नोंद न ठेवतां पोथीचा मूळ पाठ खरवडून टाकल्यासारखें होतें. पुढील अभ्यासकास ती गाडी घाटांकरितां मागविली होती कीं राजधानींतील मिरवणुकीकरितां, हें सांगतां येणार नाहीं.

यास्तव संग्राहकांस तीन विनंत्या आहेत. पेटी उघडेल तेव्हां दोन्ही चक्रांचे दांते मोजून चाशीच्या क्रमांकासह लिहून ठेवावे. काढलेलीं चक्रें तेल लावून, चिठ्ठी बांधून गाडीबरोबरच जतन करावीं. तिसरी विनंती दप्तरांविषयीं. रोल्स-रॉईस गाड्यांच्या मागणीचा तपशील देणारीं चाशीपत्रकें इंग्लंडांत पॉलर्सपरी येथें रोल्स-रॉईस एन्थुझियास्ट्स क्लबनें जतन केलीं आहेत. त्याची दुसरी बाजू संस्थानी दप्तरांतील मागणीपत्रांत, बिलांत व दुरुस्तीच्या खर्चांत सांपडूं शकते. असे कागद किरकोळ हिशेब म्हणून बाजूस टाकूं नयेत. कागद व दांते यांचा मेळ बसला, म्हणजेच गाडीचा इतिहास सप्रमाण झाला असें म्हणतां येईल.