ऑइलमध्ये वरून बाटली ओतावी का?

नाशिकमध्ये ऑइल बदलायला गेलात की मेकॅनिक कधी कधी ऑइलमध्ये मिसळायच्या अ‍ॅडिटिव्हची एक छोटी बाटली पुढे करतो. ‘साहेब, हे टाका, कसारा घाट आरामात चढेल.’ ती घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

डब्यातलं ऑइल म्हणजे नुसतं तेल नव्हे. त्यात काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, फेस दाबणारी रसायनं आधीच असतात. झीज रोखायला जस्त-फॉस्फरसचं संयुगही असतं. यांतली बरीचशी धातूच्या एकाच पृष्ठभागावर जागेसाठी झगडतात. बाटली ओतून एकाचं प्रमाण वाढवलं की दुसऱ्याचं काम बिघडू शकतं. शिवाय जास्तीचा फॉस्फरस सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक असतो.

मोटारसायकलवाल्यांनी तर विशेष जपावं. बहुतेक गिअरच्या बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. घर्षण कमी करणारं द्रव्य क्लचप्लेटवरही बसतं. मग रेस वाढते, पण गाडी ओढत नाही. डब्यावरचं ‘जासो एमए2’ हे क्लच न घसरण्याच्या चाचणीचं चिन्ह आहे. वरून ओतलेल्या बाटलीची हमी ते देत नाही.

अशाच एका टेफ्लॉनयुक्त अ‍ॅडिटिव्हच्या, ‘स्लिक 50’च्या, जाहिरातींतले झीज कमी होण्याचे दावे निराधार असल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1996 मध्ये केला होता.

इंजिन ऑइल खात असेल तर बाटली ओतण्याऐवजी पिस्टन रिंग आणि व्हॉल्व्ह सील तपासून घ्या. बाटलीचे पैसे वाचवा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑइल वेळेवर बदला आणि डिपस्टिक अधूनमधून बघत जा.